मधाने रवा धरला, म्हणजे नेमकं काय झालं?

दर हिवाळ्यात हा प्रश्न येतो. मधाची बाटली उघडावी तर तळाशी पिवळसर पांढरा थर बसलेला, आणि चमच्याला कचकच लागणारे कण. घरात लगेच एकमत होतं की मधवाल्याने फसवलं, साखरेचा पाक घातला. त्याच आठवड्यात कुणीतरी व्हिडिओ पाठवतं, 'मध साकळला तर समजा भेसळ'. माझ्या मावशीने अशाच एका व्हिडिओवर विश्वास ठेवून ओळखीच्या माणसाकडून आणलेला अर्धा किलो मध मोरीत ओतून दिला. मला ते कळलं तेव्हा खरोखर वाईट वाटलं. मधमाश्यांनी लाखो फुलांवरून गोळा केलेलं ते, आणि एका गैरसमजापायी वाहून गेलं.

त्या बाटलीत जे घडलं होतं तेच रवाळ तुपात घडतं, खडीसाखरेत घडतं, आणि औषधाच्या कारखान्यात घडतं. म्हणून मधापासून सुरुवात करून थोडं लांब जाऊ.

आधी रवा म्हणजे काय

साखर, कापूर, तूप, ओव्याचं फूल, तापाची गोळी हे सगळे सेंद्रिय पदार्थ, म्हणजे कार्बनच्या सांगाड्यावर उभे असलेले. पदार्थाचा सर्वांत लहान पूर्ण तुकडा म्हणजे रेणू. एकसारखे रेणू एका ठरावीक मांडणीने, तीच मांडणी वर-खाली, आजूबाजूला पुन्हा पुन्हा करत बसले की स्फटिक तयार होतो. आपण घरात त्यालाच रवा म्हणतो. मला हा शब्द आवडतो, मी तोच वापरतो.

आता मिठाचा खडा आणि साखरेचा दाणा शेजारी ठेवा. दोन्ही पांढरे, दोन्ही चमकणारे. आत मात्र फार फरक आहे. मिठात सोडियम आणि क्लोरीनचे विद्युतभारित कण एकमेकांना सगळ्या बाजूंनी घट्ट धरून असतात. ती चुन्यात बांधलेली भिंत समजा. साखरेत किंवा कापरात तसा चुना नाही. कोकणात शेताच्या बांधावर गडगा असतो ना, नुसते दगड एकावर एक बसवून रचलेला, तसं हे बांधकाम. प्रत्येक दगड, म्हणजे प्रत्येक रेणू, आपल्या जागी अख्खा असतो. शेजाऱ्याशी त्याची पकड हलकी, आणि भिंत टिकते ती दगड एकमेकांत किती नीट बसले यावर.

बाकीचं बरंचसं यातूनच येतं. मीठ वितळायला 801 अंश सेल्सिअस लागतात. डांबरगोळीतलं नॅफ्थलीन 80 अंशांनाच वितळतं. मिठाचा खडा वर्षभर उघडा ठेवला तरी उडून जात नाही. ट्रंकेतली डांबरगोळी मात्र दिवाळीला ठेवली तर पावसाळ्यापर्यंत वाटाण्याएवढी होते, कारण बाहेरचे 'दगड' एकेक करून सुटून हवेत जातात. न वितळता थेट वायू होण्याला संप्लवन म्हणतात, शाळेत आपण शिकलोय ते.

बाटलीत काय घडलं

मधात पाणी साधारण 17-18 टक्के. उरलेल्यात बहुतेक सगळी साखर, आणि तीही मुख्यतः दोन प्रकारची, फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. एवढ्याशा पाण्यात एवढी साखर खरं तर मावत नाही. मध हे मुळातच गच्च भरलेलं द्रावण आहे. गर्दीच्या वेळची लोकल डोळ्यांपुढे आणा. दार बंद होत नाहीये, तरी सगळे कसेबसे आत आहेत.

या गर्दीत फ्रुक्टोज पाण्यात छान मिसळून राहतं. ग्लुकोज त्या मानाने बरंच कमी विरघळतं, म्हणून आधी तेच बाहेर पडतं. त्याला सुरुवात करायला काहीतरी निमित्त लागतं, परागकण, मेणाचा तुकडा, हवेचा बुडबुडा, नाहीतर आधीच बसलेला एखादा कण. एकदा पहिला दगड बसला की त्यावर पुढचे बसत जातात. 14 अंशांच्या आसपास हे सर्वांत वेगाने होतं, म्हणून आपल्याकडे थंडीतच बाटल्या साकळतात.

कुठला मध किती लवकर साकळेल, हे फुलावर ठरतं. मोहरीच्या आणि सूर्यफुलाच्या फुलांवरच्या मधात ग्लुकोज जास्त, तो काही आठवड्यांतच घट्ट होऊ शकतो. फ्रुक्टोज भरपूर असलेला मध वर्षभर पातळ राहतो. म्हणजे साकळणं हा मधाचा स्वभाव आहे, दोष नव्हे.

शरीरातही असा हिशेब चालतो. रक्तात युरिक आम्ल मावेल त्यापेक्षा जास्त झालं की त्याच्या क्षाराचे सुईसारखे स्फटिक सांध्यात बसतात, तो गाऊट. दुखणं बहुतेकदा पायाच्या अंगठ्याला सुरू होतं, आणि अंगठा शरीराच्या मध्यापेक्षा गार असतो हे त्याचं एक कारण मानतात. गारव्यात कमी विरघळतं, ते इथेही लागू.

चार पदार्थ, चौघांत दहा-दहा कार्बन

माझ्या दृष्टीने या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट देवघरात आणि औषधाच्या फडताळात आहे. पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉल. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल. तिसरी डांबरगोळी आणि चौथा कापूर. चौघांच्याही रेणूत कार्बनचे बरोबर दहा अणू आहेत, आणि वजनातही मोठा फरक नाही. तरी मेंथॉल 43 अंशांच्या आसपास वितळतं, थायमॉल 50 ला, नॅफ्थलीन 80 ला, आणि कापूर चक्क 175 च्या पुढे.

फरक दगडांच्या आकाराचा आहे. मेंथॉलचा रेणू वेडावाकडा, फांद्या फुटलेला. त्याचे लांब चमकदार सुयांसारखे स्फटिक दिसायला देखणे, पण गडगा कच्चा. उन्हाळ्यात विदर्भात पुदिन्याच्या फुलाची बाटली उघड्यावर राहिली तर ते आपसूक वितळेल. नॅफ्थलीन सपाट आणि दोन्ही बाजूंनी सारखं, फरशीसारखं नीट बसतं, म्हणून त्याला जास्त उष्णता लागते. कापराचा रेणू जवळजवळ गोल आहे. लाडवांची रास जशी कुठूनही रचली तरी जमते, तसा तो बसतो, आणि बसल्या जागी स्वतःभोवती फिरतही राहतो. वितळून रेणूला मोकळीक मिळते, पण कापराला बरीचशी मोकळीक घन असतानाच मिळालेली असते. त्यामुळे वितळायची त्याला घाई नाही. पकड मात्र सैलच, म्हणून बोटाने चुरा होतो आणि हवेत उडतो. कापराची डबी बऱ्याच दिवसांनी उघडा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पाहा. बारीक पिसासारखे कण चिकटलेले दिसतील. खालून उडालेला कापूर वर जाऊन पुन्हा रवा धरून बसलेला असतो.

आणखी एक नवल. ओव्याच्या तेलात थायमॉलसोबत कार्व्हाक्रॉल नावाचा पदार्थही सापडतो. दोघांत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनची संख्या तंतोतंत तीच. ऑक्सिजनची एक जोडणी तेवढी कार्बनच्या वर्तुळाकार कड्यावर दुसऱ्या जागी आहे. थायमॉलचे खडे होतात, कार्व्हाक्रॉल साध्या तापमानाला तेलच राहतं.

तीन घट्ट पदार्थ मिळून पातळ कसे होतात

आमच्या आजीकडे अमृतधारेची काचेच्या बुचाची बाटली असायची. ती घरीच करायची. पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल आणि कापूर सारखे घ्यायचे, कोरड्या बाटलीत घालून बूच लावायचं. पाणी नाही, चूल नाही. थोड्याच वेळात खड्यांच्या कडा ओलसर व्हायच्या, जणू त्यांना घाम फुटलाय. मग तळाशी थेंब जमायचे आणि शेवटी बाटलीत नितळ तेल. मी लहानपणी ते तोंडाला बाटली लावल्यासारखा जवळून बघत बसायचो. (कापूर पोटात गेला तर लहान मुलांना तो विषारी ठरतो, झटके येऊ शकतात. अमृतधारेची बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशीच ठेवा.)

गडग्याकडे परत या. एकाच आकाराचे दगड असतील तर रचना जमते. तीन वेगवेगळ्या आकारांचे दगड एका ढिगात मिसळले, तर कुणालाच आपली ओळ पुरी करता येत नाही. पातळ अवस्थेत मात्र सगळे बिनतक्रार मिसळून राहतात. त्यामुळे वितळण्याकडे पारडं झुकतं आणि मिश्रणाचा द्रवणांक, म्हणजे वितळण्याचं तापमान, प्रत्येकाच्या स्वतःच्या द्रवणांकाहून खाली येतो. तिघांचा तो इतका खाली येतो की खोलीतली ऊबच पुरते.

यावरच रसायनशास्त्रातली एक जुनी आणि भरवशाची परीक्षा उभी आहे. शुद्ध सेंद्रिय पदार्थ ठरलेल्या तापमानाला, एक-दोन अंशांच्या आत, झटकन वितळतो. मिसळ असेल तर लवकर मऊ पडतो आणि रेंगाळत वितळतो. बीएस्सीला असताना मला बेन्झॉइक आम्ल शुद्ध करायला दिलं होतं, त्याचा द्रवणांक 122. गरम पाण्यात विरघळवून गाळलं आणि घाईने बर्फात बुडवलं. भुरभुरीत पांढरा गाळ पडला. केशनळीत भरून, थर्मामीटरला बांधून थीले नळी नावाच्या काचेच्या उपकरणातल्या पॅराफिनमध्ये तापवलं तर 114 लाच कडा ओल्या दिसायला लागल्या, आणि पूर्ण वितळायला 119 उजाडले. सरांनी वहीकडे न बघताच सांगितलं, "पुन्हा कर." दुसऱ्या खेपेला चंचुपात्र झाकून तसंच निवू दिलं. तासाभरात अभ्रकासारखे पातळ, चमकणारे पापुद्रे पाण्यात तरंगत उतरले. नीट वाळवून तापवलं, तेव्हा 121 पर्यंत काही हललं नाही आणि 122 ला सगळं एकदम पारदर्शक झालं. तो क्षण अजून डोळ्यांपुढे आहे.

युरिया आणि सिनॅमिक आम्ल हे दोघेही 133 अंशांच्या आसपास वितळतात. नुसत्या आकड्यावरून ओळखता यायचे नाहीत. पण दोन्ही मिसळून तापवले तर मिश्रण 133 च्या बरंच आधी वितळतं. तेच दोन नमुने एकाच पदार्थाचे असते तर आकडा हलला नसता.

मोठा, चकचकीत खडा म्हणजे शुद्ध का?

हा प्रश्न बाजारात रोज येतो, आणि त्याचं उत्तर अर्धं हो, अर्धं नाही असं आहे.

हो अशासाठी, की सावकाश वाढणारा स्फटिक परक्या रेणूला सहसा जागा देत नाही. गडगा रचणारा जाणता माणूस न बसणारा दगड बाजूला टाकतो, तसंच. साखर कारखान्यात रसाचा घट्ट पाक निर्वात पॅनमध्ये आटवतात आणि त्यात बारीक साखरेचं बी सोडतात. पॅनवरचा माणूस काचेवर थेंब घेऊन रवा कसा येतोय ते बघत राहतो. भोवतालचा पाक काळपट तपकिरी, पण त्यातून वाढणारा दाणा पांढरा. रंग आणि मळी बाहेरच्या बाहेर राहते. फिरत्या जाळीच्या यंत्रात मळी वेगळी झाली की उरते आपली साखर.

नाही अशासाठी, की दाण्याचा आकार मुख्यतः वेगावर ठरतो. बाजारभावात एस-30 आणि एम-30 असं वाचतो ना आपण, त्यात एस म्हणजे बारीक दाणा, एम म्हणजे मध्यम, आणि 30 हा आकडा रंगाच्या दर्जाचा. वजनाला वजन घेतलं तर गोडी तीच. तूप कढवून ओट्यावर सावकाश निवू दिलं तर छान रवाळ होतं, तेच लगेच फ्रिजमध्ये टाकलं तर लोण्यासारखं गुळगुळीत. तूप एकच, निवायला मिळालेला वेळ वेगळा. दोऱ्याची खडीसाखर तर गच्च पाकात दोरा लोंबकळत ठेवून दिवसेंदिवस वाढवतात, म्हणून तिचे खडे एवढे मोठे आणि कोनदार.

रवा नकोच असेल, तर? गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतो ते यासाठीच. आंबटपणा आणि उष्णता मिळून साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतात. वेगळे दगड मिसळले, आता पाक साखरत नाही. हे कुठल्या पुस्तकात न वाचता आपल्याकडच्या बायका पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत.

खडीसाखर हाताशी असेल तर एक करून बघा. रात्री खोली पूर्ण अंधारी करा, डोळे सरावायला दहा मिनिटं द्या आणि अडकित्त्याने खडा फोडा. फुटताना क्षणभर फिकट निळसर उजेड दिसतो. इंग्रज विचारवंत फ्रान्सिस बेकन यांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच याची नोंद करून ठेवली आहे. स्फटिक चिरतो तेव्हा दोन कडांवर विरुद्ध विद्युतभार साचतो आणि मधल्या हवेतला नायट्रोजन चमकतो. हातात मावणारी वीजच म्हणायची.

रेणू तोच, रचना दुसरी

तुम्ही म्हणाल, पदार्थ शुद्ध असला की झालं, दगड कसे का रचले असेनात. इथेच औषध बनवणाऱ्यांची झोप उडते.

1832 मध्ये जर्मनीत व्होलर आणि लीबिग या रसायनशास्त्रज्ञांना बेन्झामाइड या सेंद्रिय पदार्थाचे रेशमी सुयांसारखे स्फटिक मिळाले आणि ते आपोआप वेगळ्या, चौकोनी धाटणीच्या स्फटिकांत बदलत गेले. पदार्थ बदलला नव्हता, रचना बदलली होती. याला बहुरूपता म्हणतात. उन्हात राहिलेलं चॉकलेट पुन्हा थंड झाल्यावर पांढरट आणि भुसभुशीत होतं, त्यामागेही हेच आहे. कोको बटरचे सहा स्फटिकरूप आहेत, आणि कुरकुरीत तुटणारं, तोंडात विरघळणारं त्यातलं एकच.

आपल्या घरातली तापाची गोळी घ्या, पॅरासिटामॉल. त्याच्या नेहमीच्या रूपात रेणूंचे थर पन्हळी पत्र्यासारखे असतात. पन्हळी पत्र्यांची चळत आडवी ढकलली तर सरकत नाही. म्हणून नुसती पूड दाबून गोळी धड बांधली जात नाही, बंधक पदार्थ घालावे लागतात. दुसऱ्या एका रूपात थर सपाट पत्र्यांसारखे आहेत, ते सरकतात आणि छान दाबले जातात, पण ते रूप तितकं टिकाऊ नाही.

सर्वांत मोठा धक्का बसला 1998 मध्ये. एचआयव्हीवरचं रिटोनाविर हे अ‍ॅबट कंपनीचं औषध 1996 पासून बाजारात होतं. दोन वर्षांनी काही कॅप्सूल चाचणीत विरघळेनात. तपासल्यावर त्यात तोवर कुणीच न पाहिलेला स्फटिक सापडला, जास्त स्थिर, पण विरघळायला फारच कमी तयार. जे विरघळत नाही ते रक्तात जात नाही. रेणू औषधाचाच, पण उपयोग गेला. शिवाय या नव्या रूपाचा अंशही बी म्हणून पुरत होता, त्यामुळे जुनं रूप बनवणंही अवघड होऊन बसलं. कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या आणि नवीन पद्धतीची कॅप्सूल येईपर्यंत रुग्णांना अतिशय कडवट पातळ औषधावर राहावं लागलं. ज्यांचं आयुष्य त्या औषधावर अवलंबून होतं त्यांचा विचार करा. तेव्हापासून नवीन औषध येण्याआधी त्याची सगळी स्फटिकरूपं कसून शोधणं हा कामाचा मोठा भाग झाला.

हे सगळं दिसलं कसं?

रेणू डोळ्यांना दिसत नाहीत, मग थर पन्हळी की सपाट हे कुणी पाहिलं? क्ष-किरणांनी. स्फटिकातून जाताना क्ष-किरण ठरावीक दिशांनाच विखुरतात आणि फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटते. त्या नक्षीवरून गणिताने आतली रचना मागे शोधत न्यायची. 1929 मध्ये कॅथलीन लॉन्सडेल या शास्त्रज्ञ बाईंनी अशाच स्फटिकावरून बेन्झीनचं, म्हणजे सहा कार्बनचं, कडं सपाट असतं हे दाखवून दिलं. त्याच सुमारास केदारेश्वर बॅनर्जी हे भारतीय शास्त्रज्ञ नॅफ्थलीन आणि अँथ्रासीनच्या रचनांवर काम करत होते. ट्रंकेतल्या डांबरगोळीचा आतला नकाशा काढण्यात आपल्या माणसाचा हात आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

मग मधाची परीक्षा कशी करायची?

साकळला म्हणून भेसळ नाही, हे आता पटलं असेल. पण उलट अर्थही काढू नका. साकळला म्हणून शुद्ध, असंही नाही. ग्लुकोज असलेला पाक मिसळला तर तोही रवा धरेल, आणि फ्रुक्टोज जास्त असलेला पाक मिसळला तर भेसळीचा मध वर्षभर नितळ राहील. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने मधाचे नमुने परदेशी प्रयोगशाळेत तपासून घेतले, तेव्हा नेहमीच्या चाचण्यांतून सुटेल अशा पाकाची भेसळ समोर आली. जे प्रयोगशाळेच्या साध्या चाचणीला सापडत नाही, ते काडी पेटवून किंवा पाण्यात थेंब सोडून कसं सापडणार? द्रवणांकाची युक्तीही इथे चालत नाही, कारण मध मुळातच अनेक पदार्थांचं मिश्रण आहे.

घरी करण्यासारखं एवढंच. साकळलेली बाटली हाताला सोसेल इतक्या, साधारण 40 अंशांच्या कोमट पाण्यात तासभर ठेवा, मधूनमधून हलवा. उकळू नका, वास आणि चव जाते. फ्रिजमध्येही ठेवू नका. आणि वर पातळ, खाली घट्ट असे दोन थर झाले असतील तर लवकर संपवा. ग्लुकोज खाली बसल्यावर वरच्या भागात पाण्याचं प्रमाण वाढतं आणि तो आंबू शकतो.

तसाच खाल्ला तरी उत्तम. एल्टन डाइस या मधमाशी-संशोधकाने 1930 च्या दशकात मध मुद्दाम साकळवायची पद्धत बसवली. पातळ मधात आधीच्या बारीक रव्याच्या मधाचं विरजण घालायचं आणि 14 अंशांना ठेवायचं. सगळे कण बारीक राहतात आणि मध लोण्यासारखा पसरतो. मावशीला हे सांगितलं. यंदा जानेवारीत तिने साकळलेल्या बाटलीतला मध चमच्याने खरवडून गरम भाकरीवर पसरला, कडेने तो हळूहळू वितळत होता. पुढच्या बाटलीसाठी तिने त्यातला दोन चमचे मध वेगळा काढून ठेवलाय, विरजण म्हणून.